अर्धा क्षण उशिरा

थंडर बे. फेब्रुवारी. उणे एकतीस.
विद्यार्थ्यांना आठवड्याची सुट्टी, आम्हाला प्रशिक्षण.
बाहेर गाड्या, नाकातून वायर काढून
विजेच्या खांबांना जोडलेल्या,
दावणीच्या गुरांसारख्या गुमान उभ्या.
आत आम्ही बेचाळीस जण, छातीवर नावाची चिकटपट्टी,
जणू वीस वर्षं एका छताखाली काढून
ओळख आजच होणार होती.

पहिला तास मनःस्वास्थ्याचा.
जिनेट ब्यूलिए म्हणाली, डोळे मिटा, खांदे सैल सोडा,
श्वास आत येतो तो नुसता बघा.
मी हिशेबशास्त्र शिकवते, माझा श्वाससुद्धा
जमा-नावे असा चालतो.
म्हणून डोळे किलकिले करून पाहिलं, बाकीच्यांचं काय चाललंय,
तर समोर टाउनो हेइकिला, वेल्डिंगचा,
डोळे टक्क उघडे,
जिनेटच्या तोंडावर रोखलेले.
मनात म्हटलं, हा असाच. आडमुठा.
कॅन्टीनमध्ये कायम भिंतीला पाठ लावून बसणारा,
विनोदावर सगळ्यांचं हसून झालं
की मग हसणारा.
आम्ही म्हणायचो, टाउनोकडे विनोद बोटीने जातो,
आणि तळं गोठलेलं असतं.

दुसरा तास तंत्रज्ञानाचा.
पडद्याच्या तळाशी काळी पट्टी,
बोलाल ते यंत्र लिहिणार.
जिनेट म्हणाली, वर्गात प्रत्येकाला सामावून घ्या.
यंत्राने लिहिलं, वर्गात प्रत्येकाला समजावून घ्या.
जिनेट म्हणाली, शिकवण्याला कौतुकाची जोड द्या.
यंत्राने लिहिलं, शिकवण्याला कौतुकाची झोड द्या.
आणि मांडीवर थाप मारून, मोठ्याने,
टाउनो हसला.

सगळ्यांच्या बरोबर नाही.
आधी.
त्याचं हसू खोलीत क्षणभर एकटंच उभं राहिलं,
मग आम्ही पोचलो.

माझ्या आत वीस वर्षांच्या वह्या
भराभर उलटू लागल्या.
भिंतीला पाठ. फोन कधीच न उचलणं.
मीटिंगमध्ये प्रत्येक गोष्टीला ‘बरं, बरं’.
नाताळाआधी जिन्यात मी मागून हाक मारली,
तो वळला नाही,
मी आठवडाभर अबोला धरला
आणि तो अबोला आहे हेसुद्धा त्याला कळलं नसणार.
नोंदी सगळ्या होत्या.
बाजू चुकली होती.

जेवणाच्या सुट्टीत त्यानेच जिनेटला विचारलं,
ग्राइंडर चालू असताना चालेल का हे?
ती म्हणाली, माहीत नाही. चला, बघू.
शेडमध्ये त्याने पोलादाचा तुकडा धरला,
ठिणग्या आमच्या बुटांपर्यंत आल्या.
जिनेट फोन तोंडाशी धरून जीव खाऊन ओरडत होती.
यंत्राने बराच वेळ घेतला
आणि लिहिलं: टाळ्या.

त्याने ग्राइंडर बंद केला. वाचलं.
‘छत्तीस वर्षांनी,’ म्हणाला, ‘वाजवल्या कोणीतरी.’

मग हातमोजा काढता काढता, आमच्याकडे न बघता:
‘मागे एक मुलगी बसते. डॅनिका.
गेल्या सत्रात दोनदा काहीतरी विचारायला आली.
मी मान हलवली. दोन्ही वेळा.
परीक्षेत तिचा सांधा तडकला.’
जिनेट काही बोलली नाही.
तिच्या पुस्तिकेत यावर पान नसावं.

संध्याकाळी फॉर्म आला, दिवसाला एक ते पाच गुण द्या.
मी कॉफीला दोन दिले, बाकीचं कोरं ठेवलं.
शेडच्या दारावर आता पत्र्याची पाटी आहे,
अक्षरं वेल्डिंगनेच उठवलेली:
समोर येऊन बोला.
डॅनिका आली का, मला ठाऊक नाही. विचारलं नाही.

सोमवारी माझा वर्ग. ताळेबंद मांडत होते,
नेहमीसारखी पाठ वर्गाकडे, बोलणं फळ्याशी.
अर्ध्या वाक्यात मार्करला टोपण लावलं.
वळले.
मागच्या ओळीपर्यंत एकेक तोंड बघितलं,
आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.